सराव बंद पडल्यावर मैत्रीचं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन बाजूंत युद्ध पेटलेलं असताना पलीकडच्या मित्राशी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची मैत्री खेळामुळे टिकते का, की ही नुसती भाषणात बरी वाटणारी गोष्ट आहे?

माझ्या मते टिकते. मात्र पूर्वी कधीतरी एकत्र खेळल्याच्या आठवणीवर ती फार दिवस तग धरत नाही. त्यासाठी सराव चालू राहावा लागतो, आणि तोही एकाच संघात. मी काही वर्षं शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवलंय, त्यामुळे हा विषय निघाला की मला आधी युगोस्लाव्हिया आठवतो, म्हणजे 1991 पासून युद्धांत फुटून ज्याचे क्रोएशिया, सर्बिया, बोस्निया असे वेगळे देश झाले तो. तुटलेली मैत्री आणि टिकलेली मैत्री, दोन्ही तिथे एकाच पिढीत बघायला मिळतात.

1987 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या बोर्मिओ इथे ज्युनियर बास्केटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. युगोस्लाव्हियाच्या संघात टोनी कुकोच आणि दिनो राजा हे स्प्लिटचे, म्हणजे क्रोएशियन. व्लादे दिवाच आणि अलेक्झांडर जॉर्जेविच सर्बियाचे. समीर अवदिच बोस्नियाचा. मुलं सगळी अठरा ते वीस वर्षांची. समोर अमेरिका, तिच्याकडे गॅरी पेटन आणि लॅरी जॉन्सन. साखळी सामन्यात कुकोचने लांबून 12 थ्री-पॉइंटर (आत गेला तर तीन गुण) मारले, त्यातले 11 आत. अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकाच आली आणि पुन्हा हरली, 86-76. त्या वेळी कोण कुठल्या प्रजासत्ताकातला हे संघात कुणी विचारत असेल असं मला वाटत नाही. त्या वयात पास वेळेवर देतो की नाही, एवढंच बघितलं जातं.

चार वर्षांनी, जून 1991 मध्ये, रोमला युरोपीय स्पर्धा होती. दिवाच, कुकोच, राजा, जॉर्जेविच अजून एकाच जर्सीत. स्पर्धा चालू असतानाच 25 जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. संघातल्या स्लोव्हेनियाच्या युरे झ्दोवत्सला त्याच्या सरकारचा निरोप आला की आता खेळायचं नाही. उपांत्य सामन्याआधी तो संघ सोडून गेला. उरलेल्यांनी सुवर्णपदक जिंकलं, आणि ती पोरं एकत्र खेळण्याची ती शेवटचीच वेळ.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोच्या संघाला आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद झाल्या. क्रोएशियाने 1992 ला बार्सिलोनात ऑलिंपिक रौप्यपदक मिळवलं. बोस्नियाचा संघ वेढा पडलेल्या साराजेवोतून बाहेर पडून 1993 ची युरोपीय स्पर्धा खेळला, त्यात आपला अवदिच होता. आणि 1995 ला अथेन्समध्ये, युरोपीय स्पर्धेत, सर्बिया-मॉन्टेनेग्रो आणि क्रोएशियाचे खेळाडू पुन्हा एका ठिकाणी आले. युगोस्लाव्हिया या नावाने खेळणाऱ्या सर्बिया-मॉन्टेनेग्रोने सुवर्ण जिंकलं, क्रोएशियाला कांस्य. सुवर्णपदकं दिली जाण्याआधी क्रोएशियाचे खेळाडू व्यासपीठावरून उतरले आणि निघून गेले. उतरणाऱ्यांत कुकोच आणि राजा, वर थांबलेल्यांत दिवाच आणि जॉर्जेविच.

यावरून लोक पटकन म्हणतात, बघा, खेळबिळ काही कामाचं नाही. मला तसं वाटत नाही. या मुलांची आपसांत भांडणं होऊन मैत्री तुटली नव्हती. प्रत्येकाच्या मागे एक गाव होतं, आई-बाप होते, बातम्या होत्या. पलीकडच्याला फोन केला तर घरचे काय म्हणतील, हा हिशेब सुरू झाला. भेटण्यासाठी कारण लागायला लागलं की अर्धी मैत्री तिथेच संपते. आणि सरावाचा मोठा उपयोग हाच की त्याला कारण द्यावं लागत नाही. चार वाजता सराव आहे, म्हणून गेलो. घरी एवढं सांगितलं तरी पुरतं.

दिवाच आणि क्रोएशियाचा ड्राझेन पेट्रोविच यांचं उदाहरण तुम्ही कदाचित ऐकलं असेल. अठराव्या वर्षी दिवाच राष्ट्रीय संघात आला, तेव्हा त्याच्याहून तीनेक वर्षांनी मोठा असलेला पेट्रोविच तिथे आधीच मोठं नाव होता. दोघांची गट्टी जमली. 1989 ला दोघे एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये गेले, एक लॉस एंजेलिसला, दुसरा पोर्टलंडला, आणि परक्या देशात फोनवरून एकमेकांना धीर देत राहिले. ऑगस्ट 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला जागतिक अजिंक्यपद जिंकल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला आणि दिवाचने तो त्याच्या हातातून काढून घेतला. हा विजय सगळ्या युगोस्लाव्हियाचा होता, सर्बियाचा झेंडा असता तरी मी तेच केलं असतं, असं तो नंतर सांगत आला. क्रोएशियात ते कुणी ऐकून घेतलं नाही. पेट्रोविचने बोलणं तोडलं, आणि जून 1993 मध्ये जर्मनीत मोटार अपघातात तो 28 व्या वर्षी गेला.

मला यातली झेंड्याची घटना फारशी महत्त्वाची वाटत नाही, जरी सगळे तिच्याचबद्दल बोलतात. ते दोघे एका क्लबात असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच बाकावर बसून बूट बांधावे लागले असते. चार दिवस अबोला, पाचव्या दिवशी कुणीतरी शिवी घातली असती आणि विषय निघाला असता. हजारो किलोमीटर लांब राहणाऱ्या माणसांचा अबोला मात्र कुणी मोडायला जात नाही.

हा नुसता माझा तर्क वाटेल, म्हणून फुटबॉलकडे या. त्याच 1987 मध्ये चिलीत युवकांचा विश्वचषक युगोस्लाव्हियानेच जिंकला. बोबान, प्रोसिनेच्की, शुकेर, मियातोविच अशी ती पोरं. (आपल्या फुटबॉल संघाचे 2019 ते 2024 प्रशिक्षक असलेले इगोर स्टिमॅकही त्याच संघातले.) यातला क्रोएशियाचा झ्वोनिमिर बोबान म्हणजे मे 1990 मध्ये झाग्रेबच्या मैदानावरच्या दंगलीत पोलिसाला लाथ मारणारा. त्या लाथेचं आजवर नको इतकं कौतुक झालंय. त्यापेक्षा नंतरचं बघा. युद्ध ऐन भरात असताना तो इटलीतल्या एसी मिलान या क्लबकडून खेळत होता आणि त्याच संघात मॉन्टेनेग्रोचा देयान साविचेविच होता. दोघे रोज एकत्र सराव करत, आणि 1994 ची युरोपीय अजिंक्यपदाची फायनल, बार्सिलोनाविरुद्धची 4-0 ची, दोघे खेळले. त्यांची मैत्री टिकली. चिलीतले शुकेर आणि मियातोविच, एक क्रोएशियाचा, एक मॉन्टेनेग्रोचा, 1996 पासून रेआल माद्रिदला पुढच्या फळीत शेजारी शेजारी खेळले.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी लाखोंनी कमावणारी, सुरक्षित देशात राहणारी माणसं. बरोबर आहे. साध्या मुलांना मिलान कुठून आणायचं?

साध्या माणसांवरचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला अभ्यास इराकमधला आहे. आयसिसमुळे घरदार सोडावं लागलेल्या ख्रिश्चनांमध्ये सलमा मूसा या संशोधिकेने हौशी फुटबॉल लीग भरवल्या. काही संघ सगळे ख्रिश्चन ठेवले, काहींत मुस्लिम खेळाडू घातले, कुणाला कुठला संघ ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिश्र संघातले ख्रिश्चन खेळाडू सहा महिन्यांनीही मुस्लिमांबरोबर सराव करत होते आणि पुढच्या वेळी मिश्र संघात नाव द्यायला तयार होते. पण मैदानाबाहेर, उदाहरणार्थ मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या उपाहारगृहात जाण्याबाबत, तितका फरक पडला नाही. खेळाडू प्रौढ होते हे खरं, तरी मला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. खेळाने ओळखीच्या माणसाबद्दलचा संशय जातो, त्याच्या सगळ्या समाजाबद्दलचा लगेच जात नाही. सोळा वर्षांच्या मुलाकडून त्याहून जास्त अपेक्षा करू नये.

उलट बाजूही सांगायला हवी. ‘आमचा संघ विरुद्ध तुमचा संघ’ असा मैत्रीपूर्ण सामना भरवणं, ही मोठ्यांची आवडती कल्पना, बऱ्याचदा घातक ठरते. 1954 मध्ये मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमातल्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच वगैरे लावलं. थोड्याच दिवसांत एका गटातल्या पोरांनी दुसऱ्या गटाचा झेंडा जाळला. समेट हळूहळू होत गेला, उदाहरणार्थ जेवण आणायला निघालेला ट्रक चालू होईना आणि सगळ्यांना मिळून तो ओढावा लागला तेव्हा. ओढायला दोर वापरला तो रस्सीखेचीचाच. प्रयोगात मोठ्यांनी मुलांना पडद्यामागून बरंच नाचवलं, अशी टीका नंतर झाली आणि ती रास्तच आहे. पण ज्याने कधी शालेय स्पर्धा घेतली आहे त्याला पहिल्या भागाचं आश्चर्य वाटणार नाही.

खेळ कुठला निवडता यानेही फरक पडतो. उत्तर आयर्लंडमध्ये खेळसुद्धा वाटले गेलेले आहेत: गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा पारंपरिक खेळ) कॅथलिकांचा, रग्बी मुख्यतः प्रोटेस्टंटांचा. म्हणून पीसप्लेयर्स ही संस्था तिथल्या मुलांसाठी बास्केटबॉल वापरते, कारण तो कुणाचाच नाही. एका बाजूची मुलं आधीच तरबेज आणि दुसरी नवखी, असं त्यात होत नाही. जेरुसलेममध्येही तीच संस्था ज्यू आणि अरब मुलामुलींना एकाच संघात खेळवते.

तुमच्या ओळखीत अशी मुलं असतील तर त्यांना समोरासमोर बसवून ‘युद्धाबद्दल काय वाटतं’ असं विचारू नका, आणि कॅमेरा तर अजिबात आणू नका. बोलायचं असेल तेव्हा ती बूट बांधता बांधता, बसमध्ये, खिडकीतून बाहेर बघत बोलतील. मोठ्यांनी बघायचं ते वेगळंच: मैदान, बस, सुरक्षित वेळ, आणि दोन्ही बाजूंचा एकेक प्रशिक्षक.

सीमाच बंद असेल तर ऑनलाइन खेळात एका टोळीत खेळणं हा त्यातल्या त्यात जवळचा मार्ग. याला खेळ म्हणायला माझी जीभ अडखळते, पण एकाच बाजूने खेळणं आणि ठरलेली वेळ, दोन्ही त्यात आहेत. फक्त एक बघा. काही ठिकाणी पलीकडच्याचे संदेश फोनमध्ये सापडले तर मुलाला आणि घरच्यांना त्रास होऊ शकतो. तेव्हा किती वेळा भेटायचं, कधी थांबायचं, हे ज्याला जास्त धोका आहे त्या मुलाने ठरवावं, आणि दुसऱ्याने मधल्या गप्प दिवसांचा राग धरू नये.