गोठा फुटण्याआधीची वही

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. पोलीस पाटलाच्या नेमणुकीचा आदेश हातात पडला नाही तोच गावात जनावरांच्या चोऱ्या होऊन गोठे फुटायला लागले आणि लोक तुझ्या दारात येऊन 'पाटीलबाई, आता काय करायचं?' असं विचारू लागले, हे तू कळवलंस. तुझी घालमेल समजली. माझी नोकरी बीड, लातूर, नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली. चोरीचं जनावर सापडलं, पोलिसांनी गाडीही धरली, तरी ते मालकाच्या दावणीला परत येऊ शकलं नाही, असं मी पाहिलेलं आहे. अडलेलं असायचं एकाच जागी. हे जनावर माझंच, हे दाखवायला मालकाजवळ काही नसायचं.

एका म्हशीवर दोन तालुक्यांतल्या दोन माणसांनी हक्क सांगितला होता. दोघांच्याही फिर्यादीत जवळपास एकच ओळ होती: काळी म्हैस, वय अंदाजे पाच वर्षे, शिंगे मागे वळलेली. निम्म्या मराठवाड्यातल्या म्हशींना ते वर्णन लागू पडेल. मला वय ठरवायला बोलावलं होतं. दातांवरून वय सांगता येतं, मालक सांगता येत नाही. शेवटी त्यातल्या एकाच्या बायकोनं पुढं होऊन सांगितलं की मागच्या डाव्या सडावर तार लागल्याचा जुना वण आहे, धार काढताना तो बोटाला लागतो. वण होता. म्हैस तिला मिळाली. ही खूण पहिल्याच दिवशी फिर्यादीत का आली नाही? कारण धार ती काढायची आणि ठाण्यात तिचा नवरा गेला होता. म्हणून तुला पहिलं सांगणं हे: फिर्याद द्यायला जाताना त्या जनावराला रोज हात लावणारं माणूस सोबत घे. बहुतेक घरांत ती बाई असते. तू स्वतः बाई आहेस, तुझ्यासोबत ठाण्यात यायला ती बिचकणार नाही.

आता वहीचं काम. एक जाड वही घे आणि घरोघर, शेतातल्या आखाड्या-आखाड्यावर जाऊन प्रत्येक जनावराची नोंद कर. मालकाचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, आणि अंगावरच्या खुणा. बिल्ला नसेल तर आधी दवाखान्यातून मारून घ्यायला लाव. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. तरी लोक 'जनावराचा कान कशाला टोचता' म्हणून टाळतात. त्यांना समजावून सांग की तो क्रमांक मालकाच्या नावासह शासनाच्या नोंदीत चढतो, आणि जनावर विकलं की नवीन मालकाच्या नावावर करून घ्यावा लागतो. हे दुसरं कोणी करत नाही. वहीत आणि नोंदीत वेगवेगळी नावं निघाली तर ठाण्यात पुन्हा तोच घोळ होतो.

चोर बिल्ला कापून टाकतो, हे खरं आहे. म्हणून बिल्ल्यावर भिस्त ठेवून थांबू नको. गाई-म्हशींच्या नाकाच्या ओल्या भागावर ज्या रेघा आणि उंचवटे असतात ते माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, दोन जनावरांत सारखे सापडत नाहीत आणि वयानं बदलत नाहीत. नाक कोरड्या फडक्यानं पुसायचं, दोघांनी डोकं धरायचं, उजेडात समोरून जवळून फोटो काढायचा. फोटोत रेघा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. त्याशिवाय दोन्ही कुशींचा, तोंडाचा, शिंगांचा आणि शेपटीच्या गोंड्याचा एकेक फोटो. बैलांचे फोटो प्रत्येक घरात आहेत, पण ते पोळ्याचे आहेत. अंगावर झूल, शिंगांना रंग आणि बेगड, कपाळावर बाशिंग. त्यात ओळखीची प्रत्येक खूण झाकलेली असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, बैल धुऊन उभे असतात तेव्हा काढ. हे फोटो मालकाच्या फोनमध्ये आणि तुझ्याही फोनमध्ये असू देत. फोन हरवतो, बिघडतो.

नोंदताना जात लिहून थांबू नको. 'देवणी' एवढ्यानं भागत नाही. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार आहेत, आणि शेवऱ्याच्या अंगावरचे काळे ठिपके प्रत्येक बैलाचे वेगळे असतात. ते डाव्या कुशीवर कुठं, उजव्या कुशीवर कुठं, हे लिही. लाल कंधारी मात्र सगळं एका रंगाचं. तिथं शिंगांचं वळण, एखादा भोवरा, जुना डाग, खुरातली भेग हेच कामाला येतं. उस्मानाबादी शेळ्यांचं तर बघायलाच नको, कळपातल्या बहुतेक काळ्याभोर. कानावरचे पांढरे ठिपके, गळ्याखालच्या लोंब्या आहेत की नाहीत, कोणत्या कुशीवर डाग आहे, असं काहीही सापडेल ते लिही.

शेळीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण चोरी सगळ्यात सोपी तिची आणि दाद सगळ्यात कमी तिलाच. दोन माणसं मोटारसायकलवर मधे पोत्यात घालून ती नेऊ शकतात. दुसऱ्या दिवशी ती कापली जाते, म्हणजे चोर सापडला तरी शेळी परत येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली येते, आणि चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे पोलीस नोंद घेतात, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपासाला हात घालू शकत नाहीत. म्हणून किंमत अंदाजानं सांगू देऊ नको. गाभण पाट (तरुण शेळी) असेल तर गाभण आहे हे सांग, किती महिन्यांची ते सांग, त्या आठवड्याच्या बाजारातला भाव विचारून घे. खोटी वाढवून सांगायची नाही, पण घाबरून कमीही सांगायची नाही. आणि शेळी राहत्या घरातून किंवा कुलूप लावलेल्या गोठ्यातून गेली असेल तर ते फिर्यादीत स्पष्ट आलं पाहिजे. राहण्यासाठी किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी कलम ३०५ खाली येते, तिथं शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. तुटलेलं कुलूप, कापलेलं दावं उचलून ठेवू नका, जिथं आहे तिथं असू द्या. विधवेच्या दोन शेळ्या म्हणजे तिच्या लेकराची फी असते, आजारपणाचं औषध असतं. ठाण्यात कुणी 'शेळीच तर आहे' म्हणालं तर ते ऐकून मुकाट परत येऊ नको.

चोरी कळल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत काय होतं यावर पुढचं सगळं ठरतं. गाव जमतं आणि चाकांचे, खुरांचे, चपलांचे माग तुडवले जातात. तू पोचलीस की आधी मागांभोवती बाभळीच्या फांद्या टाकून घे आणि त्यांचे फोटो काढ. ११२ ला फोन कर. मग रस्ता बघ. गाडी कुठल्या फाट्याला लागली असेल, तिथं पेट्रोल पंप, साखर कारखान्याचं गेट, जिनिंग, टोलनाका, हॉटेल काय काय आहे. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मालकाला भेटून ते जपून ठेवायची विनंती कर आणि पोलिसांना त्याचं ठिकाण सांग. उदगीर, देगलूर, उमरग्याच्या बाजूनं गाडी निघाली तर उजाडायच्या आत ती कर्नाटकात किंवा तेलंगणात असते. अशा वेळी हद्दीचा वाद घालत बसायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, आणि प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नोंदवून घेतलंच नाही तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडं लेखी जाता येतं. हाळी-हंडरगुळी, नेकनूर अशा मोठ्या बाजारांत ओळखीच्या दलालांना आणि बाजार समितीला फोटो पाठव.

बाजाराची दुसरी बाजूही तुझ्या गावातच आहे. निम्म्या किमतीत बैल मिळतो म्हणून पावतीशिवाय घेणारा शेतकरी असल्याशिवाय चोराचा धंदा चालत नाही. चोरीचं आहे हे ठाऊक असून घेतलं तर तोही गुन्हाच आहे, न्याय संहितेचं कलम ३१७. कान ताजा फाटलेला आणि विकणाऱ्याला जनावराच्या आईचं नाव-गाव सांगता येत नाही, तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, हे चावडीवर बसून सांग.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गोठे फुटायला लागले की गावाबाहेर पाल टाकून उतरलेल्या लोकांकडं बोटं वळतात. पारधी असतील, डवरी गोसावी असतील, कुणीही असेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती कायद्यानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय अजून तिथंच राहतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक चोर समजून मारले गेले. त्या गावांतली माणसं आपल्यासारखीच होती, रात्रीची जागल करून थकलेली, घाबरलेली. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्याकडं बीड, जालन्यात आकाशात ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी किती गावं काठ्या घेऊन जागली, हे तू पाहिलंस. त्या रात्री एखादा वाट चुकलेला पाहुणा हाती लागला असता तर काय झालं असतं, याचा विचार कर.

म्हैस कोणाची हे ठरवायला आपण सडावरचा वण मागतो. माणूस चोर आहे हे ठरवायला त्याहून कमी पुरावा चालणार नाही. जागल करणाऱ्या पोरांची बैठक घे आणि स्पष्ट सांग: डोळ्यांदेखत चोरी करताना धरलेल्या माणसाला ताब्यात घेता येतं, पण त्याला लगेच, उशिरात उशिरा सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. हात उचलायचा नाही. गावच्या ग्रुपवर 'चोर आले' एवढाच निरोप टाकायचा नाही. काय दिसलं, कुठं दिसलं, कोण बोलतंय, एवढं लिहायचं. आणि पालावर तू स्वतः जा, दिवसा, एकटीनं नको पण जमावासह तर अजिबात नको. त्यांच्याही शेळ्या, कोंबड्या, गाढवं चोरीला जातात, आणि ते ठाण्यात जायला धजत नाहीत. त्यांची जनावरंही तुझ्या वहीत आली पाहिजेत.

राखणीचं तुला फार सांगत नाही. गोठ्याला दिवा, घराच्या दारांना आतून बाहेर पडता येईल अशी दुसरी वाट (चोर बाहेरून कड्या लावून ठेवतात), दिवसा 'विकायचा आहे का' म्हणत फिरणाऱ्या अनोळखी गाडीचा क्रमांक लिहून ठेवणं, आणि कुत्रं अचानक मेलं तर त्या रात्री सावध राहणं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पशुविमा असलेल्यांना मात्र पॉलिसीतले अपवाद वाचून दाखव. बहुतेक विम्यांत मृत्यूची भरपाई असते, चोरीची नसते, आणि लोक तो भरवसा धरून बसतात.

सुरुवात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांपासून कर. दसऱ्यानंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात, मागं म्हातारी माणसं आणि शेळ्या राहतात, आणि हे चोरालाही माहीत असतं. ती घरं निघण्याआधी वहीत आली पाहिजेत, आणि मागं राहणाऱ्या म्हातारीजवळ तुझा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहिलेला पाहिजे. पहिल्या दहा-बारा जनावरांच्या नाकाचे फोटो काढलेस की मला पाठव. पुसट आले असतील तर कुठं चुकतंय ते बघून सांगतो.

तुझा,
काका