दोष माहीत आहे, तरी सॉफ्टवेअर सोडायचं का?

प्रश्न : महाप्यात आमचं छोटं ऑफिस आहे. वाशीच्या फळबाजारातल्या अडत्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर केलंय. दोन दोष उरलेत : छोट्या प्रिंटरवर जोडाक्षरं फुटतात, आणि क्वचित एखाद्या पट्टीची बेरीज काही पैशांनी चुकते. हापूसचा सीझन तोंडावर आलाय. देऊ का?

उत्तर : जोडाक्षरांचा दोष घेऊन खुशाल द्या. 'रत्नागिरी'चं 'रत् नागिरी' छापून आलं तर गाळ्यावरचा दिवाणजी दोन शिव्या घालेल आणि पुढची पेटी मोजायला लागेल. चूक डोळ्यांसमोर आहे, रक्कम बरोबर आहे.

बेरजेपाशी मात्र थांबा. काही पैशांचीच आहे म्हणून ती किरकोळ ठरत नाही, कारण ती दिसत नाही. हमाली, भाडं वजा होऊन तो आकडा शेतकऱ्याच्या हातात जातो, वहीत चढतो. मेअखेरीस कुणाच्या लक्षात आलं, तर तोवर निघालेल्या पट्ट्या तुमचा नवा अपडेट दुरुस्त करणार नाही. बहुधा तुम्ही रुपये दशांशात ठेवलेत. दशांश आकडे साठवायच्या नेहमीच्या 'डबल' प्रकारात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, सतराव्या दशांश स्थानी ४ उगवतो. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा, १२.५० रुपये म्हणजे १२५०. आणि राउंडिंग एकाच ठिकाणी करा, दर ओळीला नको. सीझनचे चार दिवस गेले तरी चालतील.

प्रश्न : घोडबंदर रोडच्या सोसायट्यांसाठी आमचं ॲप आहे. डार्क मोडमध्ये एक बटण फिकं दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी अपडेट सोडावा का?

उत्तर : बटण फिकं असू दे, शुक्रवारची संध्याकाळ नको, बिघडलं तर शनिवार-रविवारी सावरायला कुणी नसतं. सोमवारी सोडा, तेही आधी थोड्यांना. प्ले स्टोअरवर टक्का तुम्ही ठरवता. ॲपलचं टप्प्यांचं वाटप ७ दिवस चालतं, १ टक्क्यापासून १०० पर्यंत. मध्येच थांबवता येतं, पण ज्यांच्या फोनवर पोचलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही. (डेटाबेसची रचना बदलणारा अपडेट सोडताना माझा चहा अजूनही गार होतो.)

प्रश्न : मी ऐरोलीत टेस्टर आहे. मी दोष नोंदवते, आणि मॅनेजर 'बीटाच (चाचणीची आवृत्ती) तर आहे' म्हणून सॉफ्टवेअर तसंच सोडतात.

उत्तर : ती 'बीटा'ची पाटी वाचतंय कोण? जीमेलवर ती २००४ ते २००९ लटकत होती, लोक बिनधास्त वापरत होते. लिनक्सवरचा डेस्कटॉप केडीई ४.० जानेवारी २००८ मध्ये आला तेव्हा करणारे सांगत होते की हे हौशी मंडळींसाठी आहे. पडला सगळ्यांच्याच हाती, आणि ओरड झाली.

भांडू नका. प्रत्येक दोषापुढे लिहा : कधी घडतो, पैसे किंवा माहिती जाते का, तोवर ग्राहकाने काय करायचं. शेवटी एक रकाना ठेवा, 'सोडायचा निर्णय कुणाचा'. एका जुन्या ऑफिसात मी तो टाकला होता. दुसऱ्याच आठवड्यात साहेब म्हणाले, तारीख जरा पुढे ढकलू या.