मीटर नंतर, आधी पंधरा दिवस

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर एका वाचकाचा बर्फाचा कारखाना आहे. वरच्या मजल्यावर घर, मागे विहीर. नळजोडणी एकच, तीही व्यावसायिक, आणि पाण्याच्या रकमेवर ठरावीक टक्के मलनिस्सारण आकार, म्हणजे सांडपाणी वाहून नेण्याचं शुल्क. ते लिहितात, "माझं पाणी लाद्या होऊन होड्यांवर चढतं, गटारात जातच नाही. सांडपाण्यालाच मीटर लावा, असा आदेश हायकोर्टातून मिळेल का? तीन वर्षं नुसतं 'बघू' ऐकतोय, आता जप्तीची नोटीस आली आहे." रोपवाटिकावाले आणि सोडा-सरबताचे कारखानदारही हेच विचारतात.

तुमचं गाऱ्हाणं रास्त आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. पण चार पानी पत्रात एक तारीख नाही: शेवटचं बिल तुमच्या हातात कधी पडलं? बिलावर छापलेली तारीख तुम्ही कळवलीत, मिळाल्याची नाही. सगळं तिच्यावर अडलंय.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ४०६ उघडा. कराविरुद्धचं अपील बिल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करावं लागतं, आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. "अन्यायाचे पैसे आधी का भरू?" हा प्रश्न जुना आहे. हा कायदा गुजरातलाही लागू होता, आणि अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच पैसे भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा हरकत लेखी नोंदवून रक्कम भरा, पावती घ्या आणि मुदतीत अपील लावा. कलम करासाठी आहे, सेवेच्या आकारासाठी नाही, असं महापालिकेचे वकील म्हणतील. कदाचित ते बरोबरही ठरतील. तरी अपील लावाच. नाहीतर हायकोर्टातल्या रिट याचिकेत पहिला प्रश्न येईल, उपलब्ध मार्ग का सोडलात? आणि तोही बहुधा याचिका काही वर्षं पडून राहिल्यावर येईल.

कारकुनाचं "बघू" हे उत्तर नव्हे. तीन वर्षांत एक साधा अर्ज देऊन पोच घेतली असती, तर आज हातात काही असतं. मागच्या बिलांचे पैसे परत मिळतील, अशी आशा मी देणार नाही. नवं बिल मात्र नवी संधी असते.

आता मीटर. सांडपाण्याला मीटर लावा, अशी मागणी करू नका. गटाराची नळी भरून वाहत नाही, त्यात गाळ आणि तेलकटपणा असतो. छोट्या जोडणीवर मीटर टिकत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी पाण्याच्या मीटरवरूनच अंदाज बांधतात. मुंबईत मलनिस्सारण आकार पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के आहे. केंद्राच्या मलनिस्सारण नियमपुस्तिकेतही पुरवलेल्या पाण्यापैकी ८० टक्के गटारात येतं असं धरतात. हा अंदाज घराला लागू पडतो, बर्फाच्या कारखान्याला नाही. ही तफावत आकड्यांत दाखवा. बर्फाचे डबे भरण्याच्या नळीवर वेगळा मीटर बसवा, महापालिकेच्या अभियंत्याला बोलावून सील करून घ्या, संयुक्त पाहणीचा पंचनामा मागा. त्याच अर्जात घराची जोडणी वेगळी मागा. घरगुती दराचा फायदा बहुधा तिथेच जास्त निघेल. डब्यांतून लाद्या सोडवताना वापरलेलं पाणी आणि धुण्याचं पाणी मात्र गटारातच जातं, ते लपवू नका.

सूट द्यावी की नाही, हे तुमच्या महापालिकेच्या ठरावावर आणि उपविधींवर ठरेल. दराचा ठराव माहितीच्या अधिकारात मागवा. तिथे सवलतीची तरतूद नसेल, तर शुल्क आणि सेवा यांचा काही मेळ असावा लागतो, हा सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या शिरूर मठ निकालापासूनचा मुद्दा वकिलाला मांडता येईल. पण नंतरच्या निकालांनी तो बराच सैल केलाय. काटेकोर हिशेब कोर्ट मागत नाही.

आणि विहीर. घरच्या आंघोळीचं, कपड्यांचं पाणी तिथून येत असेल, तर ते मीटरशिवाय गटारात जातंय. मोजून आकारा, असं तुम्हीच म्हणताय, म्हणून पंपाचा उल्लेख अर्जात स्वतः करा. पाहणीत अभियंत्याला तो दिसणारच आहे, आणि तेव्हा तो तुमच्याविरुद्ध लिहिला जाईल.