पुण्यात मे महिन्यात घरच्या केकवरचं क्रीम वितळून ओघळतं. घरच्या कार्यक्रमासाठी काय करावं?

दुकानातलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम वापरत असाल, तर ते उन्हाळा असो वा थंडी, घट्ट फेटलं जाणारच नाही. त्यासाठी साधारण ३५ टक्के फॅट लागतं. भर उन्हाळ्यात सरळ नॉन-डेअरी (दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेलं) व्हिपिंग क्रीम घ्या. फ्रीझरमधला पॅक आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली ठेवा, भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये. फेटताना क्रीममध्ये बर्फाचे बारीक कण उरलेले असले तर उत्तम. बीटर उचलल्यावर टोक ताठ उभं राहिलं की थांबा. जास्त फेटलं तर क्रीम रवाळ होतं, मग दोन चमचे न फेटलेलं क्रीम घालून हाताने हलक्याने एकजीव करा.

बहुतेक वेळा खरं कारण मात्र केक कोमट असणं हेच असतं. केक जाळीवर पूर्ण गार करा, गुंडाळून तासभर फ्रीजमध्ये ठेवा. आधी क्रीमचा पातळ थर देऊन २० मिनिटं गार करा, म्हणजे चुरा वरच्या थरात येत नाही.

बटरक्रीम या दिवसांत टाळाच, लोणी ३२-३५ अंशांनाच वितळतं आणि दुपारचं तापमान त्याच्या वर असतं. मंडळी चारला येणार असतील तर गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) करा: २०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट, १०० ग्रॅम गरम क्रीम. हा बराच टिकतो. केक कापायच्या १५ मिनिटं आधीच बाहेर काढा.