‘कृत्रिम हाड’ नको, ‘विकरांची हालचाल’ही नको

प्रश्न एका संशोधक विद्यार्थिनीचा आहे. ‘प्रयोगात कृत्रिम हाड बनताना पेशींतील विकरांची हालचाल’ असा मथळा तिने योजला आहे आणि तो चालेल का, असं विचारलं आहे. विषय मराठीत मांडायचं तिने मनावर घेतलं, याचा फार आनंद झाला. ‘विकर’ (एन्झाइम) तर अगदी योग्य, शाळेच्या पुस्तकांतून रुळलेला शब्द. बाकीचे दोन मात्र बदलायला हवेत.

आधी ‘कृत्रिम’. १९६५ साली अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यांतली खनिजं काढून टाकली आणि उरलेला मऊ भाग सशांच्या स्नायूंत ठेवला. जिथे हाड असायचं कारणच नाही, तिथे नवं हाड तयार झालं. ते त्या सशाच्याच पेशींनी केलेलं, जिवंत, खरंखुरं हाड होतं. कृत्रिम म्हटलं की डोळ्यांपुढे धातूचा सांधा येतो. इथे माणसाने हाड केलं नाही, शरीराकडून करवून घेतलं. मराठीतलं प्रयोजक क्रियापद नेमकं याच कामाचं! म्हणून साध्या लेखनात ‘घडवून आणलेली अस्थिनिर्मिती’ म्हणावं. शास्त्रीय मथळ्यात त्याच अर्थाचं ‘प्रवर्तित’ शोभेल. दहावीत ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ आपण शिकलेलोच असतो.

आता ‘हालचाल’. विकर पेशीत कुठून कुठे जातं, हे इथे मोजत नाहीत. ते किती वेगाने काम उरकतं, हे मोजतात. त्याला ‘सक्रियता’ म्हणावं. अल्कलाइन फॉस्फटेज या विकराचंच पाहा. पेशींच्या अर्कात एक जवळजवळ रंगहीन फॉस्फेट संयुग घालतात. विकर त्यातला फॉस्फेट तोडतं आणि द्रव पिवळा होत जातो. पिवळेपणा जितका झपाट्याने वाढेल, तितकी सक्रियता जास्त. रक्ततपासणीच्या कागदावरही या विकरापुढे मिलिग्रॅम नसतात, ‘युनिट प्रति लिटर’ असतं. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचं रूपांतर. त्यामुळे ‘विकरांचं प्रमाण’ हाही पर्याय मला पटत नाही. विकर असूनही ते निष्क्रिय असू शकतं.

उंदराच्या कातडीखाली असं हाड घडवतात तेव्हा आधी कूर्चा दिसते, दहाव्या-अकराव्या दिवसाच्या सुमारास हाड धरू लागतं, आणि त्याच सुमाराला ही सक्रियता चढते, पुढे उतरते. ‘चढते-उतरते’ हे सक्रियतेबद्दल सहज म्हणता येतं, हालचालीबद्दल नाही.

तर मथळा असा करावा : ‘प्रयोगाद्वारे प्रवर्तित अस्थिनिर्मितीत पेशींतील विकरांची सक्रियता’.