चाकणच्या कारखान्यात दर आठवड्याला कामाची पाळी बदलते. शरीराला सवय होते का?

पूर्ण सवय होत नाही. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं आणि दिवसाला साधारण तासभरच सरकतं. रात्रपाळीला ते जेमतेम जुळू लागतं, तोवर आठवडा संपून पहिली पाळी लागते. म्हणून दिवसा सहा तास झोपूनही डोळे चुरचुरतात, अवेळी जेवणानं पित्त उसळतं. दीर्घकाळ रात्रपाळी केल्यानं मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्येच रात्रपाळीला ‘बहुधा कर्ककारक’ ठरवलंय.

पण भोसरी-चाकणच्या घरांत मला जास्त बोचतं ते वेगळंच. वन रूम किचनमध्ये बाप दिवसा झोपलेला, म्हणून पोरांना दबक्या आवाजात खेळावं लागतं. दुसऱ्या, म्हणजे दुपारच्या पाळीच्या आठवड्यात तर बापलेकांची गाठच पडत नाही. बाईचा स्वयंपाक दोन वेळांचा चार वेळांवर जातो, हे कुणी मोजतच नाही.

पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असाच मागून घ्या. उलटा क्रम जास्त त्रास देतो. घरी येताना गॉगल लावा, खोलीला जाड पडदे लावा. रात्रपाळीनंतर दुचाकी टाळा, कंपनीच्या बसनंच या. डबल ड्युटी करावीच लागली, तर कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला हवा.