भाज्यांचं सूप पाणचट का होतं?

आजीच्या वहीतलं सूप तुम्ही तीनदा केलंत, तिन्ही वेळा पाणचट झालं, आणि वहीत तर एवढंच आहे: "लोणी, कांदा, गाजर, बटाटा, पाणी, टोमॅटो, कोबी, मटार, मीठ, मिरी. शिजवणे." सगळं एकदम पातेल्यात घालून उकळलं, असं तुम्ही लिहिलंय. आता ती ओळ पुन्हा वाचा. पाणी यादीच्या मधोमध आलंय. सामानाची यादी असती तर पाणी कुणी लिहिलंच नसतं. आजींनी क्रम लिहून ठेवलाय.

आमच्या घरची कृतीही अशीच दीड ओळीची. माझंही सूप बरीच वर्षं बेचव व्हायचं. शेवटी आईच्या शेजारी उभी राहून बघितलं, तेव्हा कळलं की पाणी घालायच्या आधीच ती वीस मिनिटं काम करते.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे लोणी, त्यात बारीक चिरलेला कांदा आणि गाजर, चिमूटभर मीठ, वर झाकण. आच अगदी मंद. मिठाने भाज्यांना पाणी सुटतं आणि त्या स्वतःच्याच पाण्यात मऊ होतात. मधूनमधून ढवळायचं. चुरचुर आवाज मोठा झाला की आच जास्त आहे, कमी करा. कांदा लाल होऊ द्यायचा नाही. तो काचेसारखा दिसायला लागतो, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास जाऊन गोडसर वास येतो. मग पातेलं जरा तिरकं करून बघा, कडेला जमलेलं लोणी केशरी झालेलं असतं. गाजराचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, लोण्या-तेलात उतरतो. ते केशरी लोणी दिसेपर्यंत मी पाण्याला हात लावत नाही. या टप्प्याला घाई केलीत तर पुढे काहीही घालून ती चव येत नाही.

मग बटाट्याच्या फोडी, दोन मिनिटं परतून आधणाचं पाणी. सगळ्या भाज्या मिळून किलोभर असतील तर सव्वा लिटर पुरतं, तुमचं अडीच लिटर फारच झालं. उकळी आली की आच कमी करा, पृष्ठभाग नुसता हलत राहिला पाहिजे.

टोमॅटो पाण्यानंतर का? आंबटपणात बटाटा लवकर मऊ होत नाही. तुमच्या बटाट्याच्या फोडी अर्धा तास उकळूनही टणक राहिल्या त्या याचमुळे. फोड चमच्याच्या कडेने सहज तुटली की मगच टोमॅटो घाला. दोन-चार फोडी पातेल्यातच ठेचा, सूप आपोआप दाट होतं, कॉर्नफ्लोअर लागत नाही. (मिक्सरमधून बटाटा फार फिरवला तर चिकट होतो, म्हणून ठेचणंच बरं.) कोबीला दहा मिनिटं खूप झाली. जास्त शिजला की त्याचा उग्र वास सगळ्या सूपभर पसरतो. मटार शेवटची तीन-चार मिनिटं.

मीठ शेवटी चाखून पुरं करा, पण चमचाभर सूप फुंकून कोमट झाल्यावर चाखा, फार गरम असताना अंदाज चुकतो. मीठ बरोबर असूनही चव सपक वाटली तर चार थेंब लिंबू पिळा. चवीसाठी बाजारातला तयार सूप-क्यूब घालू का, असं विचारलंत. या खेपेला नको. क्यूबने सगळ्या सूपांची चव एकसारखी होते, आणि तुम्हाला तर आजींच्या हातची हवी आहे.

उरलेलं पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी चव जास्तच मुरलेली असते.

आणि वहीतल्या बाकीच्या कृतीही एकदा अशाच वाचून काढा. पाणी कितव्या जागी लिहिलंय ते बघा.